कार्यक्रमपत्रिका कोणाची? दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकाचा डेटा, त्याची वाचनीय मांडणी आणि स्वामित्वहक्काचा इतिहास

प्रास्ताविक

दूरचित्रवाणीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने कार्यक्रम, निर्माते, शासनाचे धोरण आणि प्रेक्षकवर्ग यांच्याकडे जाते. कोणता कार्यक्रम कोणत्या वाहिनीवर किती वाजता आहे हे सांगणारी कार्यक्रमपत्रिका मात्र दुर्लक्षित राहते. ती वाचून झाल्यावर रद्दीत जाणारी वस्तू असल्यामुळे तिला स्वतःचा इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात या किरकोळ वाटणाऱ्या पत्रिकेवरून ब्रिटन, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया या देशांत दीर्घकाळ न्यायालयीन वाद चालले. त्यांतील एका वादाने युरोपच्या स्पर्धाविषयक कायद्याला वळण दिले. संगणक घरोघरी पोहोचल्यानंतर या वादाला नवे रूप आले. वेळापत्रकाचा कच्चा डेटा घेऊन त्याचे वाचनीय यादीत रूपांतर करणारी छोटी आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, कोणताही हौशी संगणकतज्ज्ञ लिहू लागला. त्यामुळे पूर्वी छापखान्याच्या पातळीवर असलेला प्रश्न प्रत्येक घराच्या पातळीवर उपस्थित झाला.

वेळापत्रकावर कोणाचा हक्क आहे, हा प्रश्न या विषयात नेहमी पुढे केला जातो. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की, हक्काच्या प्रश्नापेक्षा पुरवठ्याच्या कर्तव्याचा प्रश्न अधिक निर्णायक ठरला. माहिती देण्याची सक्ती जेथे होती तेथे ती खुली झाली. केवळ हक्क नाकारला गेला तेथे ती खुली होईलच असे नव्हते.

छापील पानाची मक्तेदारी

१९२३ च्या आरंभी ब्रिटनमधील वृत्तपत्रमालकांच्या संघटनेने बीबीसीचे कार्यक्रम विनामूल्य छापण्यास नकार दर्शविला. कार्यक्रम ही जाहिरात आहे, तेव्हा तिचे पैसे द्यावेत, अशी त्यांची भूमिका होती. बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांनी या अडवणुकीला उत्तर म्हणून स्वतःचेच साप्ताहिक काढले. २८ सप्टेंबर १९२३ रोजी ‘रेडिओ टाइम्स’चा पहिला अंक निघाला, किंमत होती दोन पेन्स. जी माहिती छापायला वृत्तपत्रे पैसे मागत होती, ती छापण्यासाठी पुढे काही दशकांतच इतर प्रकाशक न्यायालयाच्या पायऱ्या झिजवू लागले, हा इतिहासातील एक विनोदच म्हणावा लागेल.

नभोवाणी संस्थेने स्वतःचे कार्यक्रम-नियतकालिक काढण्याची ही पद्धत मुंबईतही लगोलग आली. ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ हे इंग्रजी नियतकालिक जुलै १९२७ मध्ये, मुंबई केंद्राच्या उद्घाटनाच्या सुमारासच, सुरू झाले. २२ डिसेंबर १९३५ पासून त्याची जागा ‘इंडियन लिसनर’ने घेतली आणि ५ जानेवारी १९५८ पासून तेच ‘आकाशवाणी’ या नावाने निघू लागले. आपल्याकडे प्रसारण आणि नियतकालिक दोन्ही दीर्घकाळ शासनाच्याच हाती राहिली. त्यामुळे ब्रिटनमध्ये उद्भवला तसा संघर्ष येथे उभा राहिला नाही.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९५५ मध्ये आयटीव्हीचे प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा ‘टीव्ही टाइम्स’ निघाले. तेव्हापासून एक विचित्र व्यवस्था रूढ झाली. बीबीसीचे आठवड्याचे कार्यक्रम केवळ ‘रेडिओ टाइम्स’मध्ये, तर आयटीव्हीचे केवळ ‘टीव्ही टाइम्स’मध्ये. संपूर्ण आठवडा समजून घ्यायचा तर दोन्ही अंक विकत घेणे भाग होते. वृत्तपत्रांना त्या दिवसाचे, सुट्टीच्या आदल्या दिवशी दोन दिवसांचे, कार्यक्रम छापण्याची परवानगी असे. संपूर्ण आठवड्याचे नव्हे. लंडनच्या ‘टाइम आउट’ साप्ताहिकाने १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ही मर्यादा ओलांडली, तेव्हा न्यायालयाने निकाल प्रसारकांच्या बाजूने दिला. वेळापत्रक तयार करण्यात कौशल्य आणि श्रम खर्च झालेले असतात, म्हणून ते स्वामित्वहक्काने संरक्षित ‘लेखन’ ठरते, असा त्यामागील विचार होता. ही मक्तेदारी आर्थिकदृष्ट्या क्षुल्लक नव्हती. १९८८ च्या नाताळच्या जोडअंकाच्या १ कोटी १२ लाखांहून अधिक प्रती खपल्या.

मॅगिल प्रकरण

आयर्लंडमध्ये हाच प्रश्न अधिक टोकदार होता. तेथील बहुतेक घरांत आयरिश वाहिन्यांबरोबर ब्रिटिश वाहिन्याही दिसत. किमान सहा वाहिन्या उपलब्ध होत्या. त्यांचे आठवड्याचे कार्यक्रम ‘आरटीई गाइड’, ‘रेडिओ टाइम्स’ आणि ‘टीव्ही टाइम्स’ अशा तीन ठिकाणी विखुरलेले असत. मॅगिल नावाच्या आयरिश प्रकाशनाने सर्व वाहिन्यांचे आठवड्याचे कार्यक्रम एकत्र देणारा अंक १९८६ च्या मे महिन्याच्या अखेरीस काढला. प्रसारकांनी डब्लिनच्या उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळविला आणि अंक बंद पडला. तत्पूर्वीच, एप्रिलमध्ये, मॅगिलने युरोपीय आयोगाकडे तक्रार नोंदविलेली होती.

आयोगाने २१ डिसेंबर १९८८ रोजी मॅगिलच्या बाजूने निर्णय दिला. १० जुलै १९९१ रोजी युरोपच्या प्रथम न्यायालयाने तो उचलून धरला आणि ६ एप्रिल १९९५ रोजी लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने प्रसारकांचे अपील फेटाळले. या निकालाचे वैशिष्ट्य असे की, वेळापत्रकावर स्वामित्वहक्क नाही, असे न्यायालयाने म्हटलेच नाही. राष्ट्रीय कायद्याने दिलेला हक्क त्याने गृहीत धरला. प्रसारक हेच या माहितीचे एकमेव उगमस्थान. ती नाकारल्यामुळे लोकांना हवे असलेले नवे उत्पादन बाजारात येऊ शकत नाही. आणि नाकारणारा स्वतःच त्या दुय्यम बाजारपेठेवर ताबा ठेवतो. अशा अपवादात्मक परिस्थितीत नकार हा प्रभावी स्थानाचा गैरवापर ठरतो, असे न्यायालयाने ठरविले. हक्क शाबूत राहिला. नकार देण्याची मुभा तेवढी गेली.

ब्रिटिश संसदेने हेच सूत्र त्याआधी कायद्यात आणले होते. १९९० च्या प्रसारण कायद्याने कार्यक्रमांची आगाऊ माहिती प्रकाशित करू इच्छिणाऱ्या कोणालाही ती पुरविण्याचे कर्तव्य प्रसारकांवर टाकले. मोबदल्याविषयी वाद झाल्यास तो लवादाकडे जाणार होता. १ मार्च १९९१ पासून ही तरतूद अमलात आली आणि ‘रेडिओ टाइम्स’मध्ये आयटीव्हीचे, ‘टीव्ही टाइम्स’मध्ये बीबीसीचे कार्यक्रम छापून येऊ लागले. दोन अंक विकत घेण्याची ३५ वर्षांची सवय एका आठवड्यात कालबाह्य झाली.

कच्च्या डेटापासून पानापर्यंत

छापील पत्रिकेत अर्थ मोठ्या प्रमाणात जागेवरून कळतो. तारीख पानाच्या माथ्यावर, वाहिनीचे नाव स्तंभाच्या वर, वेळ डाव्या कडेला. ‘७.३०’ हा आकडा ज्या ठिकाणी छापलेला आहे, त्यावरून तो कोणत्या दिवसाचा, कोणत्या वाहिनीचा, सकाळचा की सायंकाळचा हे वाचकाला न सांगता समजते. संगणकाला जागेचा हा अर्थ कळत नाही. त्यामुळे डेटामध्ये प्रत्येक कार्यक्रमाच्या नोंदीला आपली वाहिनी, तारीख आणि वेळ स्वतःबरोबर वागवावी लागते. वाचनीय यादी तयार करणारी स्क्रिप्ट मुख्यतः एकच काम करते: प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा लिहिलेली ही माहिती ओळीतून काढून पानावरील जागेत परत ठेवते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी एड एव्हिस या ब्रिटिश संगणकतज्ज्ञाने सुरू केलेल्या ‘एक्सएमएलटीव्ही’ या मुक्त प्रकल्पाने या कामाला शिस्त दिली. या प्रकल्पातील साधने पर्ल भाषेत लिहिलेली आहेत. त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. काही साधने विविध देशांतील स्रोतांकडून डेटा गोळा करतात. काही तो क्रमाने लावतात, गाळतात, जोडतात. आणि काही त्याचे साध्या मजकुरात किंवा छपाईयोग्य पानांत रूपांतर करतात. हे तिन्ही वर्ग ज्या सामाईक रूपावर उभे आहेत, ते रूप हेच या प्रकल्पाचे खरे योगदान होय. त्यात प्रत्येक प्रक्षेपणाची स्वतंत्र नोंद असते. एकच चित्रपट आठवड्यात दोनदा दाखवला, तर त्याचा तपशील दोनदा लिहिला जातो. छापखान्यातील संपादकाला हा अपव्यय वाटला असता. यंत्राच्या दृष्टीने ती सोय आहे.

वेळेचा प्रश्न यापेक्षा कठीण. या रूपात ३१ मार्च २०२४ च्या सायंकाळी साडेसहाची नोंद ‘२०२४०३३११८३००० +०१००’ अशी होते. शेवटचा भाग सांगतो की ही वेळ ग्रिनिचच्या एक तास पुढे आहे. त्याच दिवशी पहाटे ब्रिटनमधील घड्याळे उन्हाळी वेळेसाठी एक तास पुढे गेली होती. शरद ऋतूत, २७ ऑक्टोबर २०२४ रोजी, ती मागे आली तेव्हा रात्री एक ते दोन हा तास दोनदा घडला. साडेबाराला सुरू होऊन दीडला संपणारा चित्रपट त्या रात्री एक तासाचा असू शकतो आणि दोन तासांचाही. वर्षभर साडेपाच तासांचाच फरक पाळणाऱ्या आपल्या देशातील वाचकाला ही अडचण काल्पनिक वाटण्याचा संभव आहे. ‘रेडिओ टाइम्स’ काही वर्षे संगणकासाठी जो डेटा उपलब्ध करून देत असे, त्यात प्रत्येक वाहिनीची एक फाइल, प्रत्येक कार्यक्रमाची एक ओळ आणि रकान्यांच्या मध्ये नागमोडी चिन्ह असे. त्यातील वेळा स्थानिक होत्या. परंतु शेवटच्या रकान्यात कालावधी मिनिटांत दिलेला असल्यामुळे असे दुहेरी तास सोडविता येत.

प्रसारणाच्या लहरींबरोबर येणारा डेटा याहून निराळा आहे. युरोपीय डिजिटल प्रसारणाच्या मानकानुसार कार्यक्रमाचा दिवस १७ नोव्हेंबर १८५८ पासून मोजलेल्या दिवसांच्या संख्येने आणि वेळ जागतिक प्रमाणवेळेत सांगितली जाते. ३१ मार्च २०२४ हा दिवस तेथे ६०४०० असतो आणि सायंकाळचे साडेसहा हे १७३००० असे येतात. ही खगोलशास्त्रज्ञांची कालगणना आहे. तिच्यासाठी सोळा बिटांची जागा ठेवल्यामुळे २२ एप्रिल २०३८ नंतरचा दिवस त्यात मावत नाही, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

याशिवाय ‘दिवस’ म्हणजे काय, हेही स्क्रिप्टला शिकवावे लागते. पंचांगाचा दिवस मध्यरात्री बदलतो. पत्रिकेचा दिवस मात्र सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतो आणि रात्री दीडचा चित्रपट आदल्या दिवसाखालीच छापला जातो. शनिवारी रात्री जागणारा प्रेक्षक त्याला रविवार म्हणत नाही. ज्या स्क्रिप्टने केवळ तारखेप्रमाणे पाने पाडली, तिची यादी तांत्रिकदृष्ट्या अचूक आणि व्यवहारात दिशाभूल करणारी ठरते.

अनेक स्रोत कार्यक्रम संपण्याची वेळ देतच नाहीत, कारण छापील पानावर ती लागत नाही. पुढील कार्यक्रमाची सुरुवात म्हणजेच आधीच्याचा शेवट. एक्सएमएलटीव्हीचे क्रम लावणारे साधन नेमके हेच गृहीत धरून रिकाम्या जागा भरते. काही ठिकाणी एकाच वेळेपुढे ‘बातम्या, हवामान’ असे दोन कार्यक्रम लिहिलेले असतात. त्यांतील पहिला कधी संपला आणि दुसरा कधी सुरू झाला हे स्रोतालाच माहीत नसते. अशा वेळी खोटी अचूकता निर्माण करण्याऐवजी या रूपात दोन्हींना तीच वेळ देऊन ‘दोहोंपैकी पहिला’, ‘दोहोंपैकी दुसरा’ अशी खूण केली जाते. साधनग्रंथातील संदिग्धता संदिग्धता म्हणूनच नोंदवावी, हे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेले तत्त्व येथे संगणकतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे गाठलेले दिसते.

या सर्व तपशिलाचा स्वामित्वहक्काच्या वादाशी निकटचा संबंध आहे. ‘टाइम आउट’ प्रकरणात जे श्रम आणि कौशल्य संरक्षणास पात्र ठरले, त्यात दोन भिन्न गोष्टी मिसळलेल्या होत्या. कोणता कार्यक्रम केव्हा दाखवावा हे ठरविणे हे एक काम. ठरलेले वाचकापुढे मांडणे हे दुसरे. स्क्रिप्टमुळे ही दोन कामे एकमेकांपासून पूर्णपणे सुटी झाली. मांडणी हौशी तज्ज्ञाच्या घरच्या संगणकावर होऊ लागली आणि प्रसारकाकडे उरले ते केवळ वाहिनी, वेळ आणि शीर्षक.

तीन आठवडे दूरचित्रवाणीसमोर

ऑस्ट्रेलियातील आइसटीव्ही प्रकरणात न्यायालयाला नेमक्या याच फरकाचा विचार करावा लागला. आइसटीव्ही ही कंपनी ग्राहकांना संगणकीय कार्यक्रमपत्रिका पुरवीत असे. नाइन नेटवर्क या प्रसारकाच्या वेळापत्रकाची उघड नक्कल टाळण्यासाठी तिच्या एका कर्मचाऱ्याने ऑगस्ट २००४ मध्ये तीन आठवडे सिडनीतील वाहिन्या प्रत्यक्ष पाहून वेळा आणि शीर्षके टिपली. त्यांवरून साचे तयार झाले. पुढील आठवड्यांचा अंदाज त्या साच्यांवरून बांधला जाई आणि प्रकाशित पत्रिकांशी ताडून दुरुस्त केला जाई. नाइनने दावा दाखल केला. पहिल्या पायरीवर, २००७ मध्ये, आइसटीव्ही जिंकली. २००८ च्या अपिलात हरली. आणि २२ एप्रिल २००९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयाने एकमताने तिच्या बाजूने निकाल दिला. वेळ आणि शीर्षक सांगण्याची पद्धत इतकी ठरीव आहे की तीत मौलिकता फारशी नाही. आणि कार्यक्रमांचा क्रम ठरविण्यासाठी खर्च झालेले श्रम हे अभिव्यक्तीसाठी केलेले श्रम नव्हेत, असा निर्णयाचा आशय होता.

तात्त्विकदृष्ट्या हा निर्णय मॅगिलपेक्षा अधिक समाधानकारक आहे. परंतु व्यवहारात त्याने प्रसारकावर कोणतेही कर्तव्य टाकले नाही. ज्याला माहिती हवी, त्याने तीन आठवडे दूरचित्रवाणीसमोर बसावे, अशीच ती व्यवस्था राहिली.

अमेरिकेचा अनुभव याला पुष्टी देतो. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये फाइस्ट खटल्यात, दूरध्वनी निर्देशिकेच्या संदर्भात, केवळ श्रम केले म्हणून वस्तुस्थितीवर स्वामित्वहक्क मिळत नाही असे स्पष्ट केले होते. म्हणजे कायदा सर्वाधिक उदार. तरीही घरगुती ध्वनिचित्रमुद्रण करणारे मिथटीव्हीसारख्या मुक्त आज्ञावलींचे वापरकर्ते ट्रिब्यून मीडिया सर्व्हिसेसच्या ‘झॅप२इट लॅब्ज’ या विनामूल्य पुरवठ्यावर अवलंबून होते. जून २००७ मध्ये तो बंद करण्याची घोषणा झाली आणि १ सप्टेंबर २००७ रोजी तो थांबला. कोणाचाही हक्क मोडला गेला नव्हता आणि कोणाचेही कर्तव्य चुकले नव्हते; फक्त स्क्रिप्टना डेटा मिळेनासा झाला. वापरकर्त्यांनी ‘शेड्यूल्स डायरेक्ट’ ही विनानफा संस्था स्थापून वर्गणीच्या पैशातून त्याच कंपनीचा डेटा विकत घेण्यास सुरुवात केली. वस्तुस्थिती मुक्त असली, तरी ती गोळा करून नियमितपणे पाठविणारा कोणी तरी असावा लागतो.

ब्रिटनमध्येही १९९० च्या कायद्याने प्रश्न कायमचा मिटला असे नाही. उच्च दर्जाच्या चित्राचे स्थलीय प्रक्षेपण सुरू करताना बीबीसीने लहरींमधून येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेचा मजकूर विशिष्ट कोष्टकांनी संक्षिप्त करण्याची आणि ती कोष्टके नक्कल-प्रतिबंधाच्या अटी मान्य करणाऱ्या उत्पादकांनाच देण्याची परवानगी मागितली. नियामक संस्था ऑफकॉमने जून २०१० मध्ये ती मंजूर केली. येथे एक बारकावा लक्षणीय आहे. वेळेचे आकडे खुलेच राहिले. कुलूप लागले ते शीर्षक आणि वर्णन यांना. अमुक वाजता काही तरी आहे हे कोणतेही यंत्र सांगू शकत होते, काय आहे हे मात्र नाही. उपग्रहावरील सेवेसाठी वापरलेली तशाच प्रकारची कोष्टके मुक्त आज्ञावलींच्या लेखकांनी तोवर उलगडलेली होती. त्यामुळे हे कुलूप तांत्रिक कमी आणि कराराचे अधिक होते.

पानापासून पुन्हा डेटाकडे

ऑक्टोबर २०१४ मध्ये बीबीसीने ‘जीनोम’ हा प्रकल्प सर्वांसाठी खुला केला. १९२३ ते २००९ या काळातील ‘रेडिओ टाइम्स’चे अंक यंत्राने वाचून त्यांतील चाळीस लाखांहून अधिक नोंदी शोधता येतील अशा रूपात तेथे उपलब्ध झाल्या. स्क्रिप्ट जे काम करते, त्याची ही उलट दिशा होय. येथे पानावरील जागेचा अर्थ पुन्हा प्रत्येक नोंदीत भरावा लागला. ज्या नियतकालिकाची मक्तेदारी मोडण्यासाठी कायदा करावा लागला, तेच आता प्रसारणाच्या इतिहासाचे सर्वांत विस्तृत खुले साधन झाले आहे. दरम्यान, २०११ मध्ये, बीबीसीने ते नियतकालिक विकलेही होते.

हे साधन वापरताना एक भान ठेवावे लागते. कार्यक्रमपत्रिका ही घडलेल्या गोष्टींची नोंद नाही. आठवडाभर आधी छापलेला तो संकल्प आहे. १ सप्टेंबर १९३९ रोजी महायुद्धाच्या तोंडावर बीबीसीची दूरचित्रवाणी बंद झाली. त्या सायंकाळसाठी छापलेले कार्यक्रम कोणी पाहिले नाहीत. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सव्वापाचला असल्याचे अंकात छापलेले आहे. अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी तो प्रत्यक्षात ८० सेकंद उशिरा सुरू झाला. जीनोममध्ये यंत्राने चुकीची वाचलेली अक्षरे वाचकांना दुरुस्त करता येतात, मात्र ती छापील अंकाशी जुळवूनच. प्रक्षेपणात ऐन वेळी झालेला बदल कोणाला ठाऊक असेल, तर त्यासाठी नोंदीच्या मूळ मजकुरात हात न घालता वेगळी माहिती कळविण्याची सोय ठेवलेली आहे.